नापाससाहेबांचा फ्रिज

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, घरात कधी कुणावर हात उगारलेला नाही. पण ते ज्या खोलीत बसतात तिथं प्रत्येकाला आपण परीक्षेला बसलोय असं वाटायला लागतं, आणि निकाल आधीच ठरलेला असतो.

त्यांची नोकरीच तशी होती. वाहन परवान्याच्या कार्यालयात ते ड्रायव्हिंगची चाचणी घेत. मैदानात पिवळ्या रेघा, कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये खुर्ची, खुर्चीत दाजी. समोर एखादा शिकाऊ घामाघूम होऊन गाडी मागे घेतोय, बंपर खांबाला जरासा लागतो, की शेडमधून आवाज, "नापास!" काय चुकलं म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पुढच्या वेळी कळेल." सगळे त्यांना नापाससाहेब म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझी खात्री आहे की मनातून त्यांना ते आवडायचं. गंमत म्हणजे स्वतः गाडी चालवायचा त्यांना कंटाळा. कार्यालयात बसने जायचे. घरची मोटार कव्हर घालून अंगणात उभी.

निवृत्त झाल्यावर बाहेरची माणसं संपली, तेव्हा त्यांनी घरातली वापरायला घेतली. ताईनं लावलेले पडदे नापास. भाजी नापास. माझ्या दुकानाची पाटी तर उघडली त्याच दिवशी नापास झाली होती, अक्षरं तिरकी आहेत म्हणून. माझं बॅटरीचं दुकान आहे. मोटारीच्या, ट्रकच्या, घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मी विकतो आणि बसवतो. ॲसिडनं भोकं न पडलेला शर्ट माझ्याकडे एकच आहे, तो लग्नाकार्याला घालतो.

ताई बिचारी सगळं ऐकून घ्यायची. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं. ती स्वतःच पोटात सुई टोचून घेते आणि लगेच उठून कामाला लागते. दाजींच्या बोलण्याचंही ती तसंच करायची.

त्यांना एकच मुलगी, माझी भाची. ती कॉलेजात असताना वडिलांचा डबा घेऊन चाचणीच्या मैदानावर जायची. तिथं एक पोरगा वारंवार नापास होत होता. मैदानाच्या टोकाला सिमेंटचा चढ होता. त्यावर गाडी थांबवायची आणि वीतभरही मागे न येऊ देता पुढे काढायची. ह्या पठ्ठ्याची गाडी दर वेळी मागे यायची. नापास होऊन तो शेडमागच्या बाकावर हिरमुसून बसायचा, आणि भाची रिकामा डबा घ्यायला थांबलेली असायची. नापास होण्याचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसेल. शेवटी दाजी रजेवर असताना दुसऱ्या साहेबांनी त्याला पास केलं, आणि पुढच्या वर्षी भाचीनं त्याच्याशी लग्न केलं.

"चढावर ज्याची गाडी मागे येते तो संसार काय ओढणार?" असं दाजी लग्नाच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसून, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. जेवले नाहीत. त्या माणसाच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही, असं जाहीर केलं आणि घरी गेले. जावई चष्म्याच्या काचा घासण्याचं काम करतो. लांबच्या एका डोंगराळ गावात त्यानं छोटंसं घर बांधलं. ताई त्या घरी एकदाही गेली नव्हती. जायचं तर दोघांनी, हा तिचा हट्ट. आणि दोघांनी जाणं शक्य नव्हतं.

मग भाचीला दिवस गेले. डॉक्टरांनी तिला फार हालचाल करायची नाही म्हणून सांगितलं. तिनं आईला फोन केला. ताईनं फोन ठेवला आणि जेवत असलेल्या दाजींना म्हणाली, "बाळंतपणाच्या आधी आपण दोघं तिकडं जायचं."

"मी त्या छताखाली झोपणार नाही."

"मग कुठं झोपायचं ते तुम्ही ठरवा. पण जायचं."

दाजी आठवडाभर फुरंगटून बसले. मग एक दिवस अंगणात कॅरॅव्हॅन येऊन उभी राहिली. मोटारीच्या मागं जोडून ओढायचं ते चाकांवरचं घर. एका दंतवैद्यानं हौसेनं घेतलेलं आणि हौस फिटल्यावर विकायला काढलेलं. आत दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग व्हायचा. बाऊलएवढं बेसिन, खटके लावलेली कपाटं, जुन्या फोमचा वास आणि ओट्याखाली छोटा फ्रिज. जावयाच्या घरात झोपायला नको म्हणून ह्या माणसानं स्वतःचं घर ओढत न्यायचं ठरवलं होतं. फाटकाबाहेर उभं करायचं, तिथंच खायचं, तिथंच झोपायचं.

"आणि माझं इन्सुलिन?" ताईनं विचारलं. त्या गावात तिचं औषध मिळायची मारामार, म्हणून दोन-तीन महिन्यांचा साठा बरोबर न्यायचा होता, आणि तो थंड राहायला हवा होता.

"आपल्या फ्रिजमध्ये."

"तिथं पोचल्यावर त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवू की."

"त्याच्या फ्रिजचा एक कप्पासुद्धा नको मला. आणि त्याच्या घरातून वायरही घ्यायची नाही."

झालं. इथून पुढं सगळं बॅटरीवर आलं, म्हणजे माझ्यावर. नुसता रस्त्यात फ्रिज चालवायचा असता तर सोपं होतं. गाडी धावत असली की बॅटरी भरत राहते. पण इथं फ्रिज उभ्या गाडीत, झाडाखाली, कुणाच्याही वायरीशिवाय चालायला हवा होता, का तर सासरेबुवांचा ताठा. मी त्यांना सरळ सांगितलं, "दाजी, एवढ्यासाठी लोक बॅटऱ्या बदलत नाहीत, स्वभाव बदलतात." ते म्हणाले, "तू बॅटरी विक, अक्कल विकू नकोस."

त्यांनी चाचणी सुरू केली. फ्रिजमध्ये पाण्याचा ग्लास, ग्लासात थर्मामीटर, कॅरॅव्हॅनच्या दारात खुर्ची, खुर्चीत दाजी. अट अशी, की बाहेरून वीज न घेता तीन दिवस आतलं तापमान दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

पहिली पाळी मोटारीच्या स्वतःच्या बॅटरीची. मी ओरडून सांगितलं होतं, की ही बॅटरी गाडी सुरू करताना एक धक्का द्यायला बनवलेली असते, रात्रभर हळूहळू वीज देणं तिचं काम नाही. ऐकतो कोण! सकाळी फ्रिज कोमट आणि मोटार मेलेली. मीच दुकान उघडायचं सोडून जाऊन जोडवायरीनं ती सुरू करून दिली. आभार राहिले बाजूला, दाजी बोनटवर बोट आपटत म्हणाले, "तुझ्याच दुकानातली आहे. नापास."

दुसऱ्या पाळीला त्यांनी घरच्या इन्व्हर्टरच्या दोन पाण्याच्या बॅटऱ्या उचलून बाकाखाली बसवल्या. ह्या बॅटऱ्या अर्ध्याच्या खाली उतरवल्या की लवकर खराब होतात, म्हणून दिसतात मोठ्या पण वापरायला मिळते अर्धीच वीज. शिवाय दोन्ही एकाच टोकाला ठेवल्यामुळे कॅरॅव्हॅननं नाक खाली टेकलं. चार्जिंगला लावल्यावर ॲसिडचा असा वास सुटला, की आत बाक झाडायला गेलेली ताई पदर नाकाला लावून बाहेर आली.

"ह्या वासात मी झोपायचं? नातवंडाला बघायला चाललेय की गॅरेजमध्ये कामाला?"

"नापास," दाजी म्हणाले. ते बॅटरीला म्हणाले की ताईला, देव जाणे.

तेव्हा मी त्यांना नीट बसवून सांगितलं. लिथियमच्या दोन बॅटऱ्या घ्या. वजनाला निम्म्यापेक्षा कमी, वास नाही, आणि जवळजवळ तळापर्यंत वापरता येतात. टपावर सोलार पॅनल लावू, जेवढं ऊन मिळेल तेवढं मिळेल. मोटार चालू असताना डायनमोची वीज ह्या बॅटऱ्यांना नीट पोचवायला मधे एक वेगळा चार्जर टाकू. आणि फ्रिजपर्यंत जाडजूड वायर, कारण बारीक वायरीतून जाताना वीज वाटेतच दमते आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. दाजींनी मान हलवत सगळं ऐकलं. चहा प्यायले. आणि दुसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या दुकानातून हेच सगळं घेऊन आले.

पुलापलीकडचा म्हणजे माझा हाडवैरी. तो माझी गिऱ्हाइकं पळवतो, ते एक वेळ सोडा. पण माझं डोकं खाऊन शिकलेली गोष्ट त्याच्याकडून विकत घ्यायची, म्हणजे माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यातला प्रकार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायको म्हणाली, जाऊ द्या. मी जाऊ दिलं नाही.

आणि देव असतो. पुलापलीकडच्यानं पॅनल लावला, बॅटऱ्या लावल्या, आणि वायर टाकली दिव्याला टाकतात तसली, सुतासारखी. बॅटरी भरलेली आणि फ्रिज टीं टीं करत बंद. दाजी ताईला घेऊन माझ्या दुकानात आले. ताईच्या हातात पिशवी होती, पिशवीत अर्धी विणलेली लोकरीची टोपी. स्टुलावर बसून ती विणायला लागली. अलीकडं ती जिथं बसेल तिथं विणत असायची.

"बघ जरा येऊन," दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले. "फ्रिज मधेच बंद पडतो."

कारण मला तिथंच समजलं होतं. मी मुद्दाम एका ट्रकच्या बॅटरीचं टर्मिनल घासत राहिलो.

"दुसऱ्याच्या मालाला मी हात लावत नाही."

"अरे, वायरच बदलायची असेल ना?" ताई म्हणाली. बॅटरीवाल्याची बहीण, तिला एवढं कळत होतं.

"प्रश्न वायरचा नाही, ताई."

"मग कशाचा आहे?"

"तत्त्वाचा."

"बघितलंस? हा तुझा भाऊ," दाजी म्हणाले. "धंद्यात नापास, नात्यात नापास."

"आणि तुम्ही? स्वतःच्या पोरीला नापास करणारे तुम्ही मला सांगताय?"

दाजींचा चेहरा लालबुंद झाला. ताईच्या सुया थांबल्या. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, टोपी पिशवीत टाकली आणि आमच्या दोघांच्या मधून बाहेर निघून गेली. मला वाटलं ती दाजींवर चिडलीय.

मी हटलो नाही. दाजीही हटले नाहीत. आठवडा गेला, त्याच्यावर आणखी काही दिवस गेले. कॅरॅव्हॅन अंगणात, फ्रिज बंद. ताईचा एकदा फोन आला, डॉक्टर म्हणालेत दिवस थोडे आधीच भरतील. मी म्हटलं, "मग तुझ्या नवऱ्याला सांग, माझा माल घ्या, उद्याच्या उद्या बसवून देतो." ती "बरं" म्हणाली. तिच्या आवाजात काही होतं का, ते मी तेव्हा ऐकलं नाही. मी माझ्या विजयाची वाट बघत होतो.

आणि तो आला. दाजी पुलापलीकडच्याचा सगळा माल परत देऊन आले आणि माझ्या काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "बसव तुझं." एवढंच. मी मिशीतल्या मिशीत हसलो, आणि त्यांना ते दिसेल असं हसलो. मग काम मात्र जीव लावून केलं. दोन लिथियम बॅटऱ्या बरोबर चाकांच्या वर, वजन मधोमध. टपावर सोलार पॅनल. अंगठ्याएवढी जाड वायर, बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज, प्रत्येक जोड दाबून, ओढून बघितलेला. दाजी खुर्चीत बसून माझ्या हातांकडं बघत होते. मी काही चुकतोय का ह्याची ते वाट बघत होते, आणि मी काहीही चुकत नव्हतो. आमच्या नात्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस असावा.

तीन दिवसांची चाचणी सुरू झाली. पॅनलवर त्यांनी गोणपाट टाकलं, ऊन नसेल तर काय ते बघायला. मी दुकानातून येता-जाता डोकावायचो. पहिल्या दिवशी चार अंश. दुसऱ्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी मी दारातूनच विचारलं, "काय, साहेब?" तर म्हणाले, "पेपर अजून संपलेला नाही."

तिसऱ्या सकाळी मी पोचलो तेव्हा ते फ्रिजपुढं उकिडवे बसले होते. थर्मामीटर वर धरून त्यांनी उजेडात बघितला, पुसला, पुन्हा बघितला. मग उठले. गुडघे कटकन वाजले.

"पास," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मला चक्क आनंद झाला. ह्या माणसानं पास केलं म्हणून आनंद व्हावा, ह्याचा मला नंतर राग आला, पण त्या क्षणी झाला खरा. आम्ही दोघं जवळजवळ धावतच घराकडं वळलो, ताईला सांगायला.

ताई पायरीवर उभी होती. बाहेर जायची साडी, खांद्याला पिशवी, पायाशी बॅग आणि हातात चहाचा थर्मास. फाटकात टॅक्सी उभी होती.

"अगं, झालं! उद्या निघू," दाजी म्हणाले. "चार अंश. तीन दिवस, उन्हाशिवाय."

"पोरीला दवाखान्यात नेलंय," ताई म्हणाली. "पहाटे जावयाचा फोन आला होता. मी बसनं निघालेय."

"बसनं? आणि इन्सुलिन?"

तिनं थर्मास वर केला. "ह्यात बर्फ आहे. औषध फडक्यात गुंडाळून, बर्फाला लागणार नाही असं ठेवलंय. वाटेत बर्फ बदलत गेलं की पुरतं. औषधाच्या दुकानदारानं सांगितलंय."

"कधी?" मी विचारलं.

"ही गाडी अंगणात आली त्याच दिवशी विचारून आले होते. आणि पोचल्यावर त्यांच्या फ्रिजमध्ये कप्पा आहे. जावयानं कधीचा रिकामा करून ठेवलाय."

दाजींनी आवाज काढला, तोच, शेडमधला. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? आम्ही इथं मरमर करतोय—"

"मी फ्रिजसाठी थांबले होते होय?" ताई म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. "तुमच्यासाठी थांबले होते. बाप दारात आलेला बघितला की पोरीला धीर येईल म्हणून. म्हटलं, ह्या बॅटरीच्या निमित्तानं का होईना, निघतील. आणि तुम्ही निघाला नाहीत. तुम्ही बसलात ग्लासातलं पाणी मोजत." मग ती माझ्याकडं वळली. "आणि तू. एक वायर बदलायची होती, तुझ्या हातचं अर्ध्या तासाचं काम. तुला म्हणे तत्त्व होतं."

"ताई, मी सोडतो तुला स्टँडवर—"

"टॅक्सी आलीय."

"बस तिकडं थेट जाते का तरी?" दाजी म्हणाले.

"दोनदा बदलावी लागते. विचारलंय मी." तिनं बॅग उचलली. दाजींनी हात पुढं केला, तो तिनं दिसला नाही असं दाखवलं. टॅक्सीत बसताना तिनं थर्मास मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. काच वर केली. आमच्या दोघांपैकी एकाकडंही बघितलं नाही.

ती पोचायच्या आधीच मुलगी झाली. भाचीला बराच त्रास झाला. पूर्ण वेळ दवाखान्यात तिच्याजवळ नवराच होता, काचा घासून घट्टे पडलेले हात तिच्या हातात देऊन. हे मला ताईनं फोनवर सांगितलं, कोरड्या आवाजात, बातमी वाचतात तसं. तब्येत कशी आहे विचारलं तर म्हणाली, बरी आहे, औषध कप्प्यात आहे.

दाजी काही दिवस घराबाहेर दिसले नाहीत. मीही गेलो नाही. जाऊन बोलायचं काय? एकमेकांना शिव्या द्यायच्या, तर त्याही आता निम्म्या निम्म्या वाटून घ्याव्या लागल्या असत्या. मग एका दुपारी मी दुकानात बसलेलो असताना त्यांची मोटार समोरून गेली. मागं कॅरॅव्हॅन, टपावर माझा पॅनल, गोणपाट काढलेलं. दाजी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी चिकटून, नाक काचेला लावून, नवशिक्यासारखे चालले होते. मागं गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. दुकानाकडं त्यांनी मान वळवली नाही. त्या गर्दीत वळवण्याची त्यांची हिंमतच नसावी.

त्यानंतर चौथ्या दिवशी ताईचा फोन आला.

"हे पोचले," ती म्हणाली.

"हां? मग काय, बाळ घेतलं का हातात?"

"घराकडं यायला मोठा चढ आहे. तिथं त्यांची गाडी थांबली आणि मागे यायला लागली. कॅरॅव्हॅन वळून रस्त्याला आडवी लागली. जावई धावत गेला, चाकांमागं दगड लावले, ह्यांना खाली उतरवलं आणि गाडी स्वतः चढवून फाटकाशी आणून लावली."

मला हसू फुटलं, ते मी दाबलं नाही. "मग साहेब काय म्हणाले?"

"काही नाही. त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन बसले. काल दुपारपासून तिथंच आहेत. दार लावून. पोरगी बाळाला घेऊन खिडकीत उभी राहते. तो जेवणाचं ताट पायरीवर ठेवून येतो."

"ताट घेतात?"

"घेतात. रिकामं बाहेर ठेवतात. बस, एवढंच." मागं बाळ रडत होतं, कुणीतरी पुरुष त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता. "तू ये. तुझ्या बोलण्यानं चिडून का होईना, बाहेर येतील. फाटकापासून दारापर्यंत दहा पावलं आहेत रे. तेवढी तरी चालवून आण त्यांना."

मी हो म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण फाटकाबाहेरची झाडं, त्यांची सावली, टपावरचा पॅनल आणि दाबून-ओढून बसवलेले ते जोड माझ्या डोळ्यांपुढं आले, आणि तोंडातून आधी दुसरंच निघून गेलं.

"फ्रिज चालतोय ना नीट?"

ताईनं फोन ठेवला.